जुन्या स्पोर्ट्स मोटारीची चाके : रंगाआधीचे आणि रंगानंतरचे काम

चाक जितके हलके, तितके ते रस्त्याच्या चढउतारांना तत्परतेने अनुसरते आणि टायरची जमिनीवरील पकड तितकी कमी सुटते, हे तत्त्व शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. एत्तोरे बुगाती यांनी १९२४ साली लिआँच्या ग्रां प्री शर्यतीत उतरविलेल्या ‘टाइप ३५’ मोटारीस आठ चपट्या आऱ्यांची ओतीव ॲल्युमिनियमची चाके होती. पुढे साठाच्या दशकात इंग्लंडमध्ये मॅग्नेशियमच्या मिनिलाइट चाकांनी रॅलीच्या मोटारींवर नाव कमावले. आणि १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात माझदा कंपनीने आपली दोन आसनांची, उघड्या छपराची एमएक्स-५ मोटार सादर केली, तेव्हा तिच्याकरिता सिद्ध केलेले सात आऱ्यांचे चाक त्याच मिनिलाइटच्या घाटाचे स्मरण करून देणारे होते.

आज त्या पहिल्या पिढीच्या मोटारींना तीस वर्षांहून अधिक काळ लोटला असून, ज्या कोणा हौशी मालकाने इंजिन आणि छप्पर यांची मनोभावे निगा राखली, त्याच्याही मोटारीची चाके बहुधा फुटपाथाच्या कडेला घासून खरचटलेली, रंगाचे पोपडे निघालेली आणि ब्रेकच्या काळ्या भुकटीने माखलेली आढळतात. इंग्लंड-अमेरिकेत वास्तव्य करणाऱ्या मराठी वाचकांपैकी कोणाकडे अशी मोटार असेल, अथवा येथे कोणी दुसरी एखादी जुनी गाडी मिश्रधातूच्या चाकांसह जतन केली असेल, तर ती चाके पुन्हा सुस्थितीत आणण्याची रीत सांगावी, हा या लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल मी एमएक्स-५ चे १४ इंची चाक समोर ठेवतो, कारण ते संपूर्णपणे चंदेरी रंगाने रंगविलेले, सुमारे साडेपाच किलो वजनाचे आणि साध्या घडणीचे असल्यामुळे घरच्या घरी काम करणाऱ्यास ते अनुकूल पडते.

आरंभीच एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. चाक हा मोटारीचा अलंकार भासत असला, तरी मूलतः तो भार वाहणारा अवयव आहे. सबब त्याच्या नूतनीकरणातील प्रत्येक निर्णय प्रथम बळाच्या कसोटीवर आणि त्यानंतरच शोभेच्या कसोटीवर घासून पाहावा.

धातूचा स्वभाव आणि दोषाचे मूळ

बहुसंख्य ओतीव चाके ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या मिश्रधातूची असतात. या कामी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ए३५६ नामक मिश्रधातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अत्यल्प मॅग्नेशियम असते, आणि ओतल्यानंतर ५४० अंश सेल्सियसच्या आसपास तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवल्याने त्याला अपेक्षित बळ प्राप्त होते. हा तपशील केवळ ज्ञानासाठी दिलेला नाही. उष्णतेने कमावलेले बळ उष्णतेनेच गमावता येते, आणि त्याचा संबंध पुढे रंगाच्या भट्टीशी येणार आहे.

ॲल्युमिनियमवर हवेच्या संपर्काने ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. मात्र मिठाच्या सान्निध्यात हे कवच भेदले जाते. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचू नये म्हणून मीठ पसरतात, आणि आपल्या कोकणपट्टीत तेच मीठ समुद्राच्या वाऱ्याबरोबर येते. खडा उडून किंवा फुटपाथाशी घासून रंगाला जेथे बारीकशी इजा होते, तेथून खारट ओलावा आत शिरतो आणि रंगाखालून धातू पोखरीत जातो. मग वरून केसासारख्या पांढुरक्या रेषा, पाठोपाठ फोड आणि अखेरीस पोपडे दिसू लागतात. चाकाचा तोल साधण्यासाठी रिमच्या कडेला ठोकलेली पोलादी चिमट्याची वजने हेही दोषाचे एक मोठे उगमस्थान होय, कारण दोन भिन्न धातू आणि त्यांमधील खारे पाणी एकत्र आले म्हणजे त्यांतील ॲल्युमिनियमचाच बळी जातो. ब्रेकमधून उडणारे तप्त लोहकण रंगात रुतून बसतात, ते वेगळेच.

यावरून इतके ध्यानात यावे की, फोडावर नुसता रंग चढविणे म्हणजे रोग झाकून ठेवणे होय. पांढरी भुकटी पूर्णतः निघून स्वच्छ, चमकता धातू दिसेपर्यंत खाली जाण्यावाचून गत्यंतर नाही.

परीक्षा

मोटार सपाट व कठीण जमिनीवर उभी करून, जॅकने उचलल्यावर लोखंडी घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये. चाक उतरविण्यापूर्वी ते हाताने सावकाश फिरवावे आणि रिमच्या कडेजवळ एखादी स्थिर सळई धरून मधले अंतर कमीजास्त होते काय, हे पाहावे. अंतर ठळकपणे बदलत असेल तर चाक वाकलेले आहे, आणि रंगाचा विचार तूर्त बाजूस ठेवून ते तज्ज्ञाला दाखविणे इष्ट.

त्यानंतर चाक धुऊन, टायर उतरवून, प्रकाशात न्याहाळावे. भेगा विशेषतः तीन ठिकाणी संभवतात : आऱ्यांच्या मुळाशी, नटांच्या छिद्रांभोवती आणि रिमच्या आतल्या कडेला. ही आतली कडा टायर असताना आणि चाक गाडीवर असताना नजरेस पडत नाही, आणि खड्ड्याचा आघात बहुधा तीच सोसते. शंका आल्यास भेगा दाखविणारा लाल रंगद्रव वापरावा : तो लावून काही मिनिटे मुरू द्यावा, पुसून काढावा, आणि वर पांढरी भुकटी फवारावी, भेग असल्यास तिच्यात मुरलेला लाल रंग भुकटीवर रेषेच्या रूपाने उमटतो. भेग गेलेले चाक लांबी भरून अथवा वेल्डिंग करून रस्त्यावर आणू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतालच्या धातूचे कमावलेले बळ नाहीसे होते, आणि हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. असे चाक बाद करावे आणि त्याच मापाचे दुसरे मिळवावे, यात कुचराई नको.

धातू कोणता आणि त्यावरील मुलामा कोणता, याची खात्रीही याच टप्प्यावर करून घ्यावी. जुने चाक मॅग्नेशियमचे असेल तर घरी पॉलिश पेपर लावू नये, कारण त्याचा कीस सहज पेट घेतो आणि त्या आगीवर पाणी मारल्यास ती अधिकच भडकते. पोर्शे ९११ करिता १९६६ पासून बसविलेल्या फुक्स चाकांसारखी चाके घडीव असून त्यांवर ॲनोडायझिंगचा कठीण थर असतो. तो उतरविणे रासायनिक कारखान्याचे काम आहे. तसेच ज्या चाकांचा दर्शनी भाग लेथवर तासून चकचकीत केलेला असतो, त्यांचे तेज हातकामाने परत येत नाही. पुन्हा तासण्याने दर खेपेस थोडा धातू कमी होतो, म्हणून तोही मार्ग अमर्याद नाही.

घरी की कारखान्यात?

पावडर कोटिंगचा लेप कठीण व टिकाऊ असतो आणि ज्यांची मोटार पावसापाण्यात नित्य धावते, त्यांना तो उपयुक्त ठरतो. मात्र हा लेप साधारणतः १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजावा लागतो. चाकाला बळ देणारी शेवटची उष्णता याहून कमी असल्यामुळे, भट्टी ठरल्या मर्यादेत आणि ठरल्या मिनिटांपुरतीच चालवतात ना, कमी तापमानाची पावडर मिळते का, आणि याच चाकावर पूर्वी असा लेप झाला होता काय, याची चौकशी काम देण्यापूर्वी करावी. त्याहून महत्त्वाचा प्रश्न जुना रंग कसा उतरवणार, हा आहे. काही ठिकाणी सुटे भाग ४०० अंशांच्या वर तापवून त्यांवरील रंग जाळून टाकण्याची पद्धत आहे. लोखंडी जाळीदरवाजाला ती चालते. ॲल्युमिनियमच्या चाकाला मात्र ती घातक आहे. अशी भट्टी वापरणाऱ्या कारखानदाराकडे चाक देऊ नये, मग त्याचा दर कितीही माफक असो.

घरचे काम अर्थातच वेळखाऊ आहे. परंतु त्यात दोष कोठे आणि किती, हे मालकाला स्वतःच्या नजरेने कळते, चाकाला भट्टी दाखवावी लागत नाही, आणि पुढे ओरखडा उमटल्यास तेवढ्याच जागेची डागडुजी करता येते.

सफाई आणि जुना रंग उतरविणे

टायर, जुना व्हॉल्व्ह, मधले झाकण आणि तोलाची वजने काढून चाक साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावे. रुतलेल्या लोहकणांसाठी विशेष द्रावण मिळते. ते लोहाशी संयोग पावून जांभळे होते आणि कण सैल करते. तीव्र आम्लाचे क्लीनर, विशेषतः हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेले, वर्ज्य मानावेत, कारण ते धातूला तर खातातच, शिवाय त्वचेतून शरीरात भिनून प्राणावर बेतू शकतात. कॉस्टिक सोडाही वर्ज्य. तो ॲल्युमिनियम विरघळवितो आणि त्या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो.

धुऊन वाळलेल्या चाकावरचे तेल, मेण आणि सिलिकॉनचे पॉलिश ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसावे, आणि हे काम घासण्यास आरंभ करण्यापूर्वी व्हावे. हा क्रम उलटा झाला, तर पॉलिश पेपर तेच मेण धातूच्या ओरखड्यांत दडपून बसवितो, आणि नवा रंग जागोजाग फाटून माशाच्या डोळ्यासारखे ठिपके उमटतात. पुसण्यासाठी दोन फडकी घ्यावीत : एकाने द्रावण लावावे, आणि ते वाळण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे.

जुना रंग बव्हंशी घट्ट असेल तर तो सबंध उतरविण्याची गरज नाही. सैल भाग काढून उरलेल्या रंगाची कडा घासून बोटाला जाणवणार नाही इतकी निमुळती करावी. रंग सर्वत्र सुटला असेल तर ॲल्युमिनियमला चालणारा रंग-उतारू मलम मोकळ्या हवेत, हातमोजे व चष्मा घालून लावावा. ब्लास्टिंग करवून घ्यायचे असल्यास काचेचे मणी, प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण कमी दाबाने वापरण्यास सांगावे. लोखंडी कण, लोखंडी तारेचा ब्रश आणि लोखंडी किसाची घासणी यांना मज्जाव करावा. त्यांचे सूक्ष्म तुकडे मऊ धातूत रुततात आणि नव्या रंगाखाली नवे गंजस्थान तयार होते.

घासणे आणि लांबी भरणे

या कामाचे यश रंगाच्या डब्यात नाही, ते घासण्याच्या चिकाटीत आहे. फुटपाथाला लागून कडेवर उठलेले धातूचे कंगोरे बारीक कानशीने हलकेच उतरवावेत, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आरंभ करून १२०, २४० आणि ३२० असे चढत जावे. पायऱ्या गाळू नयेत : ८० च्या ओरखड्यांवरून एकदम ३२० फिरविल्यास खोल रेघा तशाच राहतात आणि चंदेरी रंगाखाली त्या उन्हात उठून दिसतात, कारण धातुकणांचा रंग पृष्ठभागाचा कोणताही दोष झाकत नाही, उलट तो उजेडात आणतो.

खोल खरचटींसाठी ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेली इपॉक्सी लांबी चांगली. ती स्वच्छ, खडबडीत धातूवर पातळ थरांनी भरावी, पूर्ण कठीण होऊ द्यावी आणि लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळलेल्या कागदाने सपाट करावी. नेहमीची पॉलिएस्टरची लांबी आम्लयुक्त प्रायमरवर लावू नये. ती नीट घट्ट होत नाही. लांबीची मर्यादाही ओळखावी. तिने आकार भरून निघतो, बळ येत नाही. तेव्हा टायरची कडा जेथे बसते ती जागा, आऱ्यांची मुळे आणि नटांच्या बैठकी यांवर लांबीचा स्पर्शही होऊ नये.

ज्या जागा रंगावाचून ठेवायच्या

रंगाचा डबा हाती घेण्यापूर्वी झाकण्याचे काम येते, आणि हौशी मंडळींकडून सर्वाधिक हयगय येथेच होते. नट ज्या शंक्वाकृती बैठकीवर घट्ट बसतात, ती जागा आणि चाकाची पाठ जेथे हबला टेकते, ती सपाट जागा, या दोन्ही रंगविरहित ठेवाव्यात. तेथे रंगाचे थर राहिले तर गाडी चालू लागल्यावर ते दाबले जातात, झिजतात, आणि आवळलेले नट आपोआप ढिले पडतात. चाक निसटण्याइतका प्रसंग गुदरू शकतो. बैठकींमध्ये त्याच मापाचे जाड कागदाचे शंकू किंवा जुने नट बसवावेत आणि पाठीवर मास्किंग टेप लावावी. टायर बसण्याची कडा गंजमुक्त आणि गुळगुळीत करून तिच्यावर फार तर प्रायमरचा एक पातळ हात द्यावा. जाड रंगाचे पापुद्रे तेथे सुटले म्हणजे हवा हळूहळू झिरपते.

अस्तर, रंग आणि लॅकर

उघडा ॲल्युमिनियम हवेत राहिला की लागलीच ऑक्साइड धरू लागतो, म्हणून अखेरचे घासणे, पुसणे आणि पहिले अस्तर ही तिन्ही कामे एकाच दिवशी, विनाविलंब उरकण्याची तजवीज करावी. उघड्या धातूवर आम्लयुक्त एच प्रायमरचा एक पातळ हात किंवा इपॉक्सी प्रायमर द्यावा. साधा प्रायमर ॲल्युमिनियमला धरून राहत नाही. त्यावर भरीव प्रायमरचे दोन-तीन हात, प्रत्येकामध्ये डब्यावर सांगितलेली मुदत, बहुधा दहा-पंधरा मिनिटे, सोडून द्यावेत. पूर्ण वाळल्यावर ६०० नंबरच्या पेपरने पाणी घालून घासावे. कोठे धातू उघडा पडला तर तेवढ्या जागी पुन्हा अस्तर द्यावे.

फवारणीसाठी चाक उपड्या बादलीवर आडवे ठेवणे सोयीचे. डबा दोन मिनिटे हलवावा, अंतर २० ते २५ सेंटिमीटर राखावे, आणि फवारा चाकाबाहेर सुरू करून चाकाबाहेरच थांबवावा, म्हणजे आरंभी व अखेरी पडणारे जाड थेंब चाकावर येत नाहीत. प्रथम आऱ्यांच्या बाजू आणि खोबणी रंगवाव्यात, समोरचा भाग शेवटी. उलट केल्यास बाजूंकडून उडालेली रंगाची कोरडी धूळ दर्शनी भागावर बसते. एका जाड हातापेक्षा तीन-चार पातळ हात केव्हाही श्रेयस्कर. चंदेरी रंगाचा शेवटचा हात किंचित दुरून, तुषारासारखा द्यावा; त्यामुळे धातुकण सर्वत्र सारखे पसरतात आणि ढगाळ पट्टे उमटत नाहीत. चारही चाके एकाच वेळी, एकाच रंगाच्या एकाच घाण्यातून रंगवावीत.

हवामानाकडे दुर्लक्ष चालत नाही. १८ ते २५ अंशांचा कोरडा दिवस सर्वोत्तम. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्याच्या दमट हवेत फवारलेले लॅकर, द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंडावल्यामुळे बाष्प धरते आणि पांढुरके पडते. तेव्हा हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवावे. इंग्लंडच्या थंडगार गॅरेजमध्ये प्रश्न निराळा असतो : तेथे चाके आदल्या रात्री घराच्या उबेत ठेवावीत आणि रंगाचा डबा कोमट पाण्यात काही वेळ धरावा, उकळत्या पाण्यात अथवा विस्तवाजवळ तो कदापि नेऊ नये.

सर्वांत वर पारदर्शक लॅकरचे दोन-तीन हात द्यावेत. एकाच डब्यातून येणारे साधे लॅकर वापरण्यास सोपे, परंतु पेट्रोल आणि ब्रेक-ऑइल यांपुढे दुबळे असते. हार्डनर मिसळून घट्ट होणारे पॉलियुरेथेन लॅकर फार टिकाऊ, परंतु त्यातील आयसोसायनेट श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. त्याचा वास येण्यापूर्वीच अपाय झालेला असतो, म्हणून कापडी मुखपट्टी किंवा साधा कोळशाचा मुखवटा यावर विसंबणे धोक्याचे आहे. नळीने ताजी हवा पुरविणारा मुखवटा आणि बंदिस्त रंगगृह असेल तरच त्याचा अवलंब करावा. मधला उत्तम मार्ग असा की, घासण्यापासून रंगापर्यंत सर्व काम स्वतः करावे आणि शेवटचे पक्के लॅकर सुसज्ज रंगशाळेकडून मारून घ्यावे; मात्र आपण मारलेल्या रंगावर त्यांचे लॅकर चालेल ना, हे आधी विचारून ठेवावे.

पुन्हा बसविताना

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तो पक्का झाला, असे समजू नये. टायर चढविण्यापूर्वी निदान एक आठवडा जाऊ द्यावा. यंत्राची पकड कोवळ्या रंगावर कायमच्या खुणा उमटविते. टायरच्या बाजूवरील चार अंकी शिक्क्यात पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे असतात. जुन्या हौशी गाड्या कमी धावत असल्यामुळे त्यांच्या टायरची नक्षी शाबूत आणि रबर मात्र कडक होऊन तडकलेले, अशी स्थिती वारंवार आढळते. टायर उतरलेलेच आहेत, तर कालबाह्य झालेले बदलून टाकावेत. व्हॉल्व्ह नवे घालावेत, आणि तोलासाठी ठोकायच्या वजनांऐवजी आतून चिकटविण्याची वजने वापरण्यास सांगावे, म्हणजे गंजाचे ते एक मूळच नाहीसे होईल.

हबचा पृष्ठभाग ब्रशने स्वच्छ करून मधल्या गोल उंचवट्यावर चाक चिकटू नये म्हणून विशेष ग्रीसचा पुसट हात द्यावा. स्टडच्या आट्यांवर मात्र ग्रीस लावू नये, कारण त्यामुळे नट प्रमाणाबाहेर आवळले जातात. एमएक्स-५ चे नट १२ मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर आट्यांचे असून त्यांना ८८ ते ११८ न्यूटन-मीटर इतके बळ विहित आहे. ते टॉर्क-पान्याने, समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळून द्यावे, आणि पन्नास-ऐंशी किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा पडताळून पाहावे. हा पडताळा ऐच्छिक समजू नये.

पुढील निगा आणि एक कर्तव्य

पहिला महिना चाके केवळ स्वच्छ पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवावीत. नंतर सौम्य साबण व मेणाचा पातळ लेप पुरेसा होतो. मीठ पसरलेल्या किंवा समुद्रकाठच्या रस्त्यावरून आल्यावर चाकांची आतली बाजूही धुवावी, कारण खारा चिखल तेथेच साचून राहतो. लॅकरला टवका उडालेला दिसताच तो भरून काढावा. थेंबभर लॅकरने भागणारे काम हंगामभर लांबविले, तर पुन्हा सगळे चाक घासण्याची पाळी येते.

अखेरीस, मोटारीच्या कागदपत्रांत एक टिपण ठेवावे. कोणत्या चाकावर, व्हॉल्व्हपासून कोणत्या बाजूस, किती लांब खरचटी भरली, भेगांची परीक्षा केव्हा केली, रंगाचा क्रमांक कोणता आणि भट्टीचा लेप झाला असल्यास तो कितव्यांदा, हे सर्व त्यात स्पष्ट लिहावे. उत्तम रीतीने रंगविलेले चाक आपला पूर्वेतिहास झाकून टाकते, आणि आपल्यानंतर ती मोटार ज्याच्या हाती जाईल त्याला वरच्या तेजावरून आतल्या धातूची पारख करता येत नाही. त्याचा आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्याचा भार याच चाकांवर राहणार असल्यामुळे, तो दाखला लिहून ठेवणे हा या कामाचाच भाग मानावा.